खाऱ्या हवेतले डंबेल : वाचकांचे प्रश्न

२०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळांना कुलपे लागली, तेव्हा वजन कमी-जास्त करता येणारे डंबेल अनेक घरांत आले. घाटावरच्या वाचकांना त्यांच्याविषयी फारसे काही विचारायचे नसते. समुद्राकाठच्या वाचकांची पत्रे मात्र एकामागून एक येत आहेत आणि त्यांतल्या तक्रारी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा आहेत. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमचे घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे. माझ्याकडे वीस किलोंचा डंबेलचा जोड आहे : दोन्ही टोकांना आटे पाडलेला क्रोमचा दांडा, त्यावर बिडाच्या प्लेटा आणि त्या आवळण्यासाठी चांदणीच्या आकाराचे नट. पावसाळ्यात तो पडवीत खताच्या रिकाम्या पोत्याखाली झाकून ठेवला होता. गणपतीनंतर पाहतो तर दांड्यावर गंजाचे पुरळ उठले आहे आणि एका बाजूचा नट जागचा हलत नाही. मेहुणे म्हणतात, ब्लो-लॅम्पने तापव आणि हातोडा घाल. आई म्हणते, खोबरेल सोड. ठेवताना मी भरपूर तेल लावले होते, तरी असे का व्हावे? — एक वाचक, हर्णै

उत्तर : शेवटचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, पण सगळी मेख तिथेच आहे. आपण तेल लावले ते लोखंडाला नव्हे, लोखंडावरच्या मिठाला लावले.

लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, वाटेत सुकतात आणि ज्या वस्तूवर बसतात तिच्यावर मिठाचा न दिसणारा थर सोडतात. शंका असल्यास समुद्राकडच्या खिडकीच्या गजावरून ओले बोट फिरवून ते जिभेच्या टोकाला लावून पाहावे. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागते. जाड्या मिठाच्या बरणीला आषाढात पाणी सुटते ते याच कारणाने. शिवाय समुद्राचे मीठ म्हणजे निव्वळ सोडियम क्लोराइड नव्हे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते आर्द्रता एक तृतीयांशावर असली तरी ओलावा धरते, म्हणून थंडीत कोरडी वाटणारी वस्तूही समुद्राकाठी खऱ्या अर्थाने कोरडी नसते. क्रोमचा मुलामा अतिशय पातळ असून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्या भेगांतून खारे पाणी खालच्या लोखंडापर्यंत पोहोचते आणि तिथला गंज फुगून पुरळासारखा वर येतो. अशा दांड्यावर दिलेले तेल म्हणजे भांड्यात पाणी ठेवून वर लावलेले झाकण होय. खताच्या पोत्याने त्यात भरच घातली असणार, कारण खताचे कण ओलावा ओढतात, आणि खतात पोटॅश असेल तर तेही बहुधा क्लोराइडच्याच रूपात असते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका वर्षी मे महिन्यात व्यायाम संपवून त्याच घामट हातांनी दांड्याला ग्रीस चोपडले आणि आपण फार मोठी काळजी घेतली अशा समाधानात तो कपाटात ठेवला. खंडेनवमीला हत्यारे पुसायला काढली तेव्हा ग्रीसच्या खाली चार बोटे आणि एक अंगठा गंजाने स्वच्छ उमटलेला होता, अगदी बोटांच्या रेषांसकट. घामातही मीठच असते, हे त्या दिवशी पुस्तकातून बाहेर येऊन हाताला लागले.

आता अडकलेल्या नटाविषयी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे नट आणि आटे यांच्यामधली फट त्याने ठासून भरली आहे. ती फट मोकळी केल्याशिवाय नुसत्या जोराने काही साधणार नाही. मेहुण्यांचा उपाय कृपया करू नये. नटाच्या आत रबराची कडी असते, दांड्यावर तेल आहे, आणि पडवीत ब्लो-लॅम्प ही कल्पनाच बरी नाही. हातोडा दांड्याच्या टोकावर बसला तर पहिले दोन आटे चेपतील आणि मग निघालेला नटही परत चढणार नाही. त्याऐवजी नट आणि दांडा जिथे भेटतात तिथे थोडे डिझेल सोडावे (होडीच्या इंजिनाची कामे करणारे मिस्त्री हेच करतात) आणि डंबेल उभा ठेवून रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी तेल पुसून, विस्तवापासून दूर, नटावर उकळते पाणी बारीक धारेने ओतावे. नट आधी तापून किंचित प्रसरण पावतो, दांडा तोवर थंड असतो, आणि तेवढ्या फरकाने गंजाची पकड सुटते. लगेच जाड फडक्याने धरून नट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने फिरवावा. टोकाकडून पाहिले असता बहुतेक डंबेलांचे दोन्ही नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतात. हाताला जोर पुरत नसेल तर नटाच्या दोन पाकळ्यांमध्ये लाकडी रिपेचा तुकडा घालून त्याची तरफ करावी. पाईप-पान्याने बिडाची पाकळी तुटते. पहिल्या दिवशी नाही सुटला तर डिझेल पुन्हा सोडावे. असे नट तिसऱ्या दिवशी सुटलेले मी पाहिले आहेत, आणि पहिल्याच दिवशी तुटलेलेही.

नट निघाला की सगळे सुटे भाग आधी गोड्या पाण्याने धुवावेत. लोखंड गंजू नये म्हणून ते धुवायचे, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मीठ तेलात विरघळत नाही; ते उतरते ते केवळ पाण्याने. येथे एक अडचण आपल्या बाजूच्याच वाचकांना कळेल : समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, आणि त्या पाण्याने धुणे म्हणजे मिठाने मीठ धुणे आहे. नळाचे पाणी गोडे असल्यास उत्तम. नाहीतर पावसाळ्यात पहिल्या काही सरींनी कौलांवरचे मीठ आणि धूळ वाहून गेल्यावर पडणारे पागोळीचे पाणी यासाठी फार चांगले.

दांड्यावरचे पुरळ घालवण्यासाठी पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने मुलाम्यावर चरे पडत नाहीत आणि गंज तेवढा निघतो. बिडाच्या प्लेटा आणि नट यांच्यासाठी मात्र लिंबूसत्त्व वापरावे : एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मिसळून त्यात भाग चार-सहा तास बुडवून ठेवावेत, मधून मधून ब्रशने घासावेत, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने धुऊन तत्काळ पुसून उन्हात ठेवावेत. नुसते निथळत ठेवले तर अर्ध्या तासात पुन्हा नारिंगी झाक येते. यामुळे प्लेटांचा रंगही जागोजागी सुटेल; तेथे रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइलपेंट द्यावा, जसा आपण पावसाळ्याआधी खिडक्यांच्या गजांना देतो. प्लेटेच्या भोकात मात्र रंगाचा जाड थर बसू देऊ नये, नाहीतर ती दांड्यावर चढणार नाही. आमसुलाचे किंवा चिंचेचे पाणीही आम्लच असल्याने तेही चालते. परंतु पितळेची भांडी घासताना चिंचेबरोबर आपण मीठ घेतो, ते येथे चुकूनही घेऊ नये. संडास साफ करण्याचे ॲसिडही टाळावे, कारण त्याने क्रोमचा मुलामाच निघून येतो आणि त्याच्या वाफेने त्याच खोलीतली बाकीची हत्यारे गंजतात.

राहता राहिले खोबरेल. आईंचा उपाय अगदीच चुकीचा नाही. आठवडाभरासाठी तो चालूनही जाईल. परंतु खोबरेल सुमारे २४-२५ अंशांखाली थिजते, काही काळाने खवट होते, आणि त्या खवटपणातून तयार होणारी आम्ले लोखंडाच्या फायद्याची नसतात. आट्यांसाठी शिलाई मशीनचे पातळ तेल पुरेसे आहे. डब्ल्यूडी-४० हा फवारा आता तालुक्याच्या गावांतही मिळतो; १९५३ साली तो पाणी हटवण्यासाठीच तयार झाला आणि चाळिसावा प्रयत्न यशस्वी झाला म्हणून त्याला हे नाव पडले. धुतल्यानंतर आट्यांत अडकलेले पाणी बाहेर काढण्यासाठी तो उत्तम आहे, पण समुद्राकाठी तेवढ्याच्या भरवशावर पावसाळा काढता येणार नाही. त्यावर तेल लागतेच. मुठीच्या खरखरीत भागाला मात्र काहीही लावू नये. तो भाग व्यायामानंतर रोज गोड्या पाण्याच्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसावा, एवढेच.

प्रश्न : व्यायाम करता करता नट आपोआप सैल होतो. प्लंबरने टेफ्लॉन टेप गुंडाळून दिली, ती दोन दिवस टिकली. आता सगळे वेल्डिंग करून पक्के करून घ्यावे का? — एक वाचक, दापोली

उत्तर : वेल्डिंग करू नये. बिडात दोन टक्क्यांहून अधिक कार्बन असतो आणि साध्या वेल्डिंगने त्याला जोडाच्या शेजारीच तडा जातो. वरून पक्की दिसणारी प्लेट एके दिवशी डोक्यावर असताना सुटेल. टेफ्लॉनची टेप ही पाण्याची गळती थांबवण्यासाठी असते, वजन धरण्यासाठी नव्हे.

नट सैल होण्याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या आतली रबराची कडी हे असते. ती प्लेटेवर दाबून बसते म्हणून नट मागे फिरत नाही. ती सुकून कडक झाली किंवा तेलाने फुगून गुळगुळीत झाली की पकड जाते. रबराला खनिज तेल सोसत नाही, म्हणून आट्यांना तेल देताना कडी आधी काढून ठेवावी. नवी कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि मिळेपर्यंत जुन्या टायरच्या ट्यूबमधून कापलेली चकतीही काम देते. नट आवळल्यावर त्याच्या बाहेर दांड्याचे किमान दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर दांड्याच्या मानाने प्लेटा जास्त झाल्या आहेत.

कडी बदलूनही नट दांड्यावर डुगडुगत असेल तर आटेच झिजले आहेत, आणि मग दांडा-नट दोन्ही नवे घ्यावेत. दांडे साधारणपणे २५ किंवा २८ मिलिमीटरचे असतात. व्हर्नियर नसल्यास कागदाची पट्टी आट्यांवरून घट्ट गुंडाळून जिथे टोक येते तिथे टाचणी टोचावी आणि पट्टी उलगडून मोजावी : सुमारे ७८ मिलिमीटर भरली तर दांडा २५ चा, ८८ भरली तर २८ चा. तरीही जुनी प्लेट बरोबर नेऊन नव्या दांड्यावर चढवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न : माझ्याकडे डायल फिरवून वजन बदलायचे, प्रत्येकी २४ किलोंपर्यंतचे डंबेल आहेत. हल्ली डायल मध्येच अडते आणि कधी कधी एका बाजूची एखादी प्लेट साच्यातच (डंबेल ठेवायच्या बैठकीतच) राहते. घर किनाऱ्यालगत असल्याने रेती घरभर येते. सासूबाईंनी मदत म्हणून डायलमध्ये शिलाई मशीनचे तेल सोडले. त्यानंतर डायल दोन दिवस छान फिरली आणि आता पूर्वीपेक्षा जड झाली आहे. — एक वाचिका, मालवण

उत्तर : तेलाने दोन दिवस बरे वाटणे आणि मग बिघाड वाढणे, हे दोन्ही अपेक्षितच होते. गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवण्यासाठी एक पेस्ट वापरतात. ती म्हणजे तेल किंवा ग्रीस आणि त्यात कालवलेली कठीण भुकटी. मालवणच्या रेतीत तेल घातले की घरच्या घरी जवळजवळ तीच तयार होते. सासूबाईंना दोष देऊ नये. शिलाई मशीनच्या बाबतीत त्यांचे बरोबरच आहे, कारण तिथे लोखंडावर लोखंड फिरते आणि येथे बराचसा भाग प्लास्टिकचा आहे.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आत काय चालते ते समजून घ्यावे. डायल फिरवली की मुठीच्या आतला अक्ष आणि त्यावर बसवलेल्या चकत्या एकत्र फिरतात. प्रत्येक चकतीच्या कडेला काही ठिकाणी उंचवटा आणि काही ठिकाणी खाच असते, आणि प्रत्येक प्लेटेला एक हूक असतो. उंचवटा हुकाखाली आला की ती प्लेट मुठीबरोबर उचलली जाते. खाच आली की साच्यात राहते. याशिवाय एक स्प्रिंगवरचे कुलूप असते : डंबेल साच्यात बसलेला असताना साच्याचा एक उंचवटा ते दाबून धरतो म्हणून डायल फिरते, आणि डंबेल उचलताच कुलूप पडून डायल जागच्या जागी पक्की होते. व्यायाम करणाऱ्याचे डोके आणि पाय या कुलपाच्या भरवशावर असतात.

म्हणून आधी कुलपाची परीक्षा करावी. दोन्ही डायली सर्वांत कमी आकड्यावर आणून मूठ साच्याबाहेर काढावी आणि हवेत धरून डायल फिरवून पाहावी. ती फिरली तर पुढचे काहीही न वाचता तो डंबेल वापरातून काढावा. फिरली नाही तर साफसफाईकडे वळावे. प्लेटा एकेक करून त्यांची दिशा लक्षात ठेवत बाहेर काढाव्यात. सगळ्यात सोपे म्हणजे मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण उलटी बसलेली एक प्लेट डायल अडवण्यास पुरेशी असते, आणि अनेक तक्रारींचे मूळ तेवढेच निघते. साच्याच्या खोबणींतली रेती रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी. खाली जुने वर्तमानपत्र पसरले तर किती रेती निघाली ते पाहून आपल्यालाच नवल वाटेल. तेलाने चिकटलेला चिखल साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने पुसावा. पेट्रोल, थिनर किंवा डिझेल येथे अजिबात नको, कारण काही प्रकारच्या प्लास्टिकला त्यांनी बारीक तडे जातात, आणि ते लगेच न दिसता नंतर भार आल्यावर उघड होतात. सगळे पूर्ण सुकल्यावर सिलिकॉनचा फवारा फडक्यावर मारून तो फक्त चकत्यांच्या कडांना पुसावा, मुठीला नव्हे.

यानंतर जमिनीवर गादी घालून त्यावर साचा ठेवावा. प्रत्येक आकड्यावर डंबेल साच्यापासून वीतभर उचलून हलकेच हलवावा आणि दोन्ही बाजूंना सारख्याच प्लेटा आल्या आहेत का, हे मोजावे. कंटाळवाणे काम आहे, पण आकडे पंधराच्या आसपास असतात. चहा गार होण्याच्या आत उरकते.

एखादी प्लेट तरीही राहत असेल तर बहुधा चकतीचा उंचवटा तुटला आहे किंवा प्लेटेचा हूक झिजला आहे. येथे मी फेव्हिक्विक, ॲरल्डाइट, तार, यांपैकी काहीही सुचवणार नाही. घरगुती दुरुस्तीचा मला कितीही सोस असला तरी चेहऱ्यावर धरायच्या वजनाच्या बाबतीत डिंकाने कोंड्याचा मांडा करता येत नाही. तो भाग बनवणाऱ्या कंपनीकडून मागवावा, नाही मिळाला तर डंबेल भंगारात द्यावा. हा धोका काल्पनिक नाही : जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने याच धाटणीचे सुमारे ३८ लाख डंबेल वापरू नयेत असे जाहीर केले, आणि कारण एवढेच होते की व्यायाम चालू असताना प्लेटा निसटून पडत होत्या. आपल्या डंबेलाच्या तळाशी मॉडेलचा क्रमांक असतो, तो कंपनीच्या सूचनांशी ताडून पाहावा. हे डंबेल जमिनीवर टाकण्यासाठी नसतात, हेही घरातल्या मुलांना सांगून ठेवावे.

प्रश्न : माझ्या प्लेटा प्लास्टिकच्या असून आत सिमेंट भरलेले आहे. दोन प्लेटांना तडे जाऊन आतली भुकटी गळते. एम-सील लावले ते पापुद्र्यासारखे निघून आले. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एम-सीलचा दोष नाही, पॉलिथीनवर ते चिकटतच नाही. प्लेटेच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाकावा. तरंगला तर पॉलिथीन, बुडाला तर बहुधा पीव्हीसी. पीव्हीसी असेल तर तड्याच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करून, स्पिरिटने पुसून एम-सील भरावे, ते बसेल. पॉलिथीन असेल तर जुन्या सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकाने तड्याच्या कडा वितळवून एकमेकींत मिसळता येतात, मात्र आतली भुकटी आधी ब्रशने बाजूला करावी आणि काम ओट्यावर मोकळ्या हवेत करावे. पीव्हीसीवर हा तापवण्याचा प्रयोग करू नये, त्याचा धूर घातक असतो. सांडलेले सिमेंट कोरड्या झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावे.

त्यानंतर प्लेटेचे वजन करणे आवश्यक आहे, कारण किती भुकटी गेली हे डोळ्यांना कळत नाही. मासळी तोलायचा टांगता इलेक्ट्रॉनिक काटा शेजारीपाजारी कोणाकडे तरी असतोच. प्लेटेच्या भोकातून दोरी ओवून चारही प्लेटा तोलाव्यात आणि ज्या दोन एकमेकींच्या जवळ जातात त्या एकाच दांड्याच्या दोन टोकांना घालाव्यात. तडा मधल्या भोकापर्यंत गेला असेल तर मात्र दुरुस्ती सोडून द्यावी. अशी प्लेट माडाच्या झापांवर किंवा ताडपत्रीवर वजन म्हणून आणखी दहा वर्षे नोकरी करते. आमच्या लाकडांच्या खोपीवर दोन आहेत. ऊन लागेल अशा जागी अशा प्लेटा ठेवू नयेत, कारण उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : गंजाची कटकटच नको म्हणून स्टेनलेस स्टीलचा दांडा करून घ्यावा का? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : घ्यावा, पण कटकट संपेल असे समजू नये. भांड्यांच्या दर्जाच्या, ३०४ क्रमांकाच्या स्टीलवरही समुद्राकाठी तपकिरी डाग आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ३१६ क्रमांकाच्या स्टीलमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक टिकते, पण महाग असते आणि आटे पाडताना लेथवाल्याच्या कपाळावर आठ्या पडतात. शिवाय स्टेनलेसच्या दांड्यावर स्टेनलेसचाच नट कोरडा फिरवला तर दोन्ही एकमेकांना घट्ट धरून बसतात, म्हणून त्यालाही ग्रीस चुकत नाही. गंज नसलेले एकच साधन मला ठाऊक आहे, ते म्हणजे लाकडी मुद्गल, आणि त्याला वाळवी लागते.

प्रश्न : आम्ही चाकरमानी. घर गुहागर तालुक्यात. येणे गणपतीला आणि शिमग्याला. मधल्या सहा महिन्यांत घर बंद असते. डंबेल मुंबईला नेणे शक्य नाही. गंज न चढता तो कसा ठेवावा? — एक वाचक

उत्तर : मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा जाणता नाखवा इंजिन आधी गोड्या पाण्याने धुऊन घेतो आणि मगच तेल-ग्रीस करतो. आपल्यालाही तोच क्रम पाळायचा आहे, फक्त निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे तर दोन दिवस आधी. विसर्जनानंतरच्या घाईत ओलसर दांड्याला ग्रीस फासले तर पहिल्या पत्रातल्या वाचकांसारखी गत होईल.

नट, कड्या, प्लेटा सगळे सुटे करून धुवावे आणि एक दिवस कडक उन्हात ठेवावे. ऊन नसेल तर चुलीच्या उबेला, पण धूर लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवावे. नंतर हातात कापडी मोजे घालून किंवा फडक्याने धरून आट्यांना आणि प्लेटांच्या उघड्या लोखंडाला ग्रीस लावावे. बंदरावरच्या दुकानात पाण्याने न सुटणारे ग्रीस मिळते, तेच घ्यावे. येथे सहा महिने व्यायाम नसल्याने मुठीलाही ग्रीस चालेल. परत आल्यावर ते साबणाने काढावे. रबराच्या कड्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. नट दांड्यावर आवळून ठेवू नयेत, सुटेच ठेवावेत.

गोणपाट आणि वर्तमानपत्र दोन्ही ओलावा धरतात, म्हणून त्यांत गुंडाळू नये. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे पिंप सर्वांत सोयीचे. त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले असे समजावे आणि मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवावेत, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नव्हे, कारण निळा रंग कोबाल्टच्या विषारी क्षाराचा असतो. पूर्वी पेट्यांत कळीचा चुना ठेवत असत. त्यानेही ओलावा ओढला जातो, पण तो फुगतो, तापतो आणि लहान मुलांच्या हाती लागला तर भाजतो, त्यामुळे मी आता तो सुचवत नाही. पिंप जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर, माजघरात आतल्या भिंतीशी ठेवावे, पडवीत नको.

आणखी एक गोष्ट पाहावी. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर अनेक घरांत ज्या कोनाड्यात असते त्याच कोनाड्यात बाकीचे सामानही सारले जाते. त्या पावडरीतून क्लोरीनचा वायू सुटत राहतो आणि बंद घरात तो समुद्राच्या वाऱ्यापेक्षाही लवकर लोखंड खातो. इन्व्हर्टरच्या बॅटरीपासूनही असेच दोन हात लांब राहावे. मी एका बंद घरात टीसीएलच्या डब्याशेजारची कोयती पाहिली होती : मूठ तेवढी शाबूत होती.

शिमग्याला आल्यावर पालखी घरी येण्याच्या गडबडीतून अर्धा तास काढून पिंप उघडावे, दाण्यांचा रंग पाहावा आणि दोन्ही नट दांड्यावर शेवटच्या आट्यापर्यंत हाताने फिरवून पाहावेत. दोन बोटांनी फिरले तर ग्रीस पुसून व्यायाम करावा आणि निघताना पुन्हा धुण्यापासून सुरुवात करावी. अडले तर डिझेल सोडून आल्या पाहुण्यांकडे बघावे, नटाकडे सकाळी.